पुढचं मला ठाऊक आहे

कैरवानच्या जुन्या बाजारात येऊन 'मोंजी मक्रूदवाल्याचं दुकान कुठंय' असं विचाराल तर लोक डोकं खाजवतील. 'वाचक कुठे बसतो?' असं विचारा, शेंबडं पोरही आणून सोडेल. धंदा मक्रूदचाच. रव्याच्या पारीत खजूर भरायचा, शंकरपाळ्यासारखे तिरके तुकडे पाडायचे, तळायचे आणि गरमागरम पाकात सोडायचे. माझ्या बापाने हेच केलं, त्याच्या बापानेही हेच केलं. पण त्या दोघांना अक्षरओळख नव्हती आणि मला होती. तेवढ्यावर मी आयुष्यभर मिजास केली.

रोज सकाळी पहिला घाणा काढून झाला की मी वर्तमानपत्र उघडायचो. समोरचा मसालेवाला तिजानी आपला स्टूल घेऊन यायचा, मागोमाग आणखी चार रिकामटेकडे. मी खाकरायचो. 'मंत्रिमहोदयांनी काल...' एवढं कागदावरून वाचायचो आणि मान वर करायचो. पुढचं ठाऊक असायचं ना! मंत्रिमहोदयांनी काल काय केलं असणार? उद्घाटन. उद्घाटन केल्यावर काय व्यक्त केलं असणार? समाधान. मग डोळे लोकांकडे, हात हवेत, आवाज खणखणीत. तिजानी म्हणायचा, "बघा रे, कागदाकडे न बघता वाचतो! याला म्हणतात वाचन." आणि मी मूर्ख ते खरं मानायचो.

ही विद्या मला मिळाली मशिदीमागच्या मकतबात, कुराणाच्या शाळेत. आमचे गुरुजी सीदी लखदर मुलापुढे दोन शब्द टाकायचे. मुलाने ते झेलायचे आणि आयतीच्या शेवटापर्यंत पळत सुटायचं. अडखळला की ऑलिव्हची छडी. मी कधी अडखळलो नाही. सीदी लखदरनी ओठ हलवले की माझी गाडी सुटलेली असायची. आता त्यात गैर काहीच नव्हतं. देवाचा शब्द बदलत नाही, म्हणून तो पुरा करता येतो. माझं गाढवपण असं की पुढे नगरपालिकेची नोटीस, लग्नाची पत्रिका आणि औषधाची बाटली हे सगळं मी त्याच हिशोबाने वाचायला लागलो. त्यातून आमची लिपी अशी की अर्धे स्वर लिहीतच नाहीत. शब्द कोणता हे आधी ओळखायचं, मग तो वाचायचा. म्हणजे माझ्यासारख्या अंदाजपंचे माणसाला रान मोकळंच.

माझी बायको नझीहा सरकारी इस्पितळात नर्स होती. अबोल बाई, असं मी सगळ्यांना सांगायचो. संध्याकाळी घरी आली की म्हणायची, "मोंजी, आज वॉर्डात..." की मी म्हणायचो, "गर्दी! असणारच, उन्हाळा आहे." ती म्हणायची, "मला वाटतं, या ईदला आपण..." मी म्हणायचो, "तुझ्या आईकडे. माहितेय मला. ठरलं." मग ती क्षणभर माझ्याकडे बघायची आणि ताटं उचलायची. मला तेव्हा काय वाटायचं सांगू? मला वाटायचं, काय हे मनोमीलन! बाईला वाक्य पुरं करायचेसुद्धा कष्ट पडत नाहीत. आम्हाला मूलबाळ झालं नाही, पण घरात शांतता होती असं कुणी म्हणू शकणार नाही. दोघांच्या वाटचं मी एकटा बोलत होतो.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "मोंजी, मी जर्मनीला..."

"जाणाऱ्या नर्सांबद्दल ऐकलंय मी," मी जेवता जेवता म्हणालो. "डोकी फिरलीत त्यांची. परमुलखातल्या म्हाताऱ्यांची ढुंगणं पुसायला कशाला जायचं?"

ती आत गेली आणि एक कागद आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला. तिथल्या वृद्धाश्रमातल्या नोकरीचा करार होता. खाली तिची सही झालेली. विमान पुढच्या महिन्यात. मी तासभर ओरडलो. बाई माझ्या नाकाखाली, लपूनछपून जर्मन शिकली! मग जरा थंड झाल्यावर आठवलं की लपूनछपून कसलं, पुस्तक तर वर्षभर स्वयंपाकघरात उघडंच पडलेलं असायचं. मी ते पाककृतींचं समजत होतो.

शेवटी मी माझ्यापुरता तोडगा काढला. ती पुढे जाईल, जागा बघेल, मग मागून मी. जर्मनीत खरा मक्रूद कुणी चाखलाय? नशीब काढू! नझीहाने हरकत घेतली नाही. म्हणजे, तिने तोंड उघडलं होतं हे मला आता आठवतं, पण मी म्हणालो, "रडू नकोस, येतोच मी मागोमाग."

ती गेली आणि तिचे संदेश येऊ लागले. माझा फोन असा की संदेशाची पहिली ओळ आपोआप वर झळकते. बाकीचा वाचायचा तर बोटाने उघडावा लागतो. माझी बोटं दिवसभर पाकाने चिकट, उघडतोय कोण? 'मोंजी, इथे काल पहिल्यांदा बर्फ...' एवढं दिसलं की मी बोलून उत्तर टाकायचो, 'स्वेटर घाल, माझ्या हरिणी,' आणि खाली लाल बदामांची रांग. तिजानी बघायचा आणि म्हणायचा, "लग्नाला वीस वर्षं झाली आणि अजून बदाम! आमच्या घरी बदाम मागितले तर बरणी फेकून मारतात." मी मिशीवरून हात फिरवायचो.

नवऱ्याला बायकोकडे जायचं असेल तर तिकडच्या सरकारची अट होती की जर्मन भाषेची पहिल्या पायरीची परीक्षा पास हवी. मी तर पोट धरून हसलो. वाचकाची वाचायची परीक्षा!

गाडी शिकवणाऱ्या शाळेच्या वरच्या मजल्यावर हयात मॅडमचा जर्मनचा वर्ग भरायचा. मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या. वर्गात सगळ्या विशीतल्या, नुकत्या लग्न झालेल्या पोरी, आणि कोपऱ्यात मिशीवाला मी. अक्षरं मी आठवड्याभरात उरकली, शब्दही पटापट पाठ केले. पाठांतराला मी कुणाच्या बापाला हार जाणार नाही. मग उतारे सुरू झाले आणि माझी फजिती सुरू झाली.

उतारा होता आमंत्रणाचा. प्रिय आना, शनिवारी माझा वाढदिवस आहे. सहा वाजता ये. येताना कोशिंबीर घेऊन ये. दहा वाजता पार्टी संपेल. तुझी सबीना. खाली विधान: आनाने खाण्याचं काहीतरी न्यायचं आहे. बरोबर की चूक?

"चूक!" मी सगळ्यांच्या आधी ठणकावलं.

"का बरं, सी मोंजी?" हयात मॅडमनी विचारलं. रागावल्या तरी 'सी' म्हणजे 'श्रीयुत' लावायच्या.

"मॅडम, पाहुणीला कुणी सांगतं का, तुझं खाणं तू घेऊन ये म्हणून? सबीना काय भिकेला लागलीय?"

"पण तिने तसं लिहिलंय."

"छापणाऱ्याची चूक असेल."

"आणि दहा वाजता पार्टी संपेल, हे?"

"ते तर शक्यच नाही! पाहुण्याला हाकलायची वेळ आमंत्रणातच? असं तर माणूस सासूलाही लिहीत नाही."

पोरींनी हसून बाकं बडवली. मला वाटलं, माझ्या बाजूने हसतायत. दुसरा उतारा होता दवाखान्याच्या दारावरच्या पाटीचा: डॉक्टर सोमवारपासून सुट्टीवर आहेत. विधान: सोमवारी डॉक्टर भेटतील. मी म्हणालो, बरोबर. का नाही भेटणार? घरी जायचं, आपण कुणाचे कोण ते सांगायचं, बरोबर थोडा मक्रूद न्यायचा. आपल्याकडचा कुठला डॉक्टर दारातून परत पाठवतो? हयात मॅडमनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

त्यांनी नको म्हटलं तरी मी राजधानीत, ट्यूनिसला जाऊन परीक्षा दिलीच. बोलायचा भाग झकास गेला, परीक्षकांना मी बोलूच दिलं नाही. वाचायच्या भागात मला इतके कमी गुण पडले की निकाल देणाऱ्या बाईने दोनदा नाव विचारून खात्री केली.

बाजारात बातमी माझ्या आधी पोचली होती. तिजानी दुकानाच्या पायरीवर उभा राहून ओरडला, "अहो ऐका! वाचक वाचनात नापास! आता खाटीक मटणात नापास होईल आणि मी मिरच्यांत!" मी चिडून त्याच्यावर झारा उगारला. खरं म्हणजे डोळ्यांत पाणी आलं होतं. रात्री अंथरुणात मी दुसऱ्या उशीकडे पाठ करून झोपायचो, ती रिकामी दिसू नये म्हणून. मला नझीहा हवी होती. ताटं उचलताना होणारा तिचा आवाजसुद्धा हवा होता. ही परीक्षा पास झालो नाही तर बाई तिकडे आणि मी इकडे असेच म्हातारे होऊ, या धास्तीने मला घास गिळवेना.

तिला कळवलं तर तिचा लगेच संदेश आला. पहिली ओळ झळकली, 'मोंजी, वाईट वाटून घेऊ नकोस. खरं सांगायचं तर...' माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर काय, हे काय वाचायला हवं? मी म्हणालो, 'मलाही तुझी तितकीच आठवण येते, माझ्या हरिणी,' आणि त्या दिवशी बदामांच्या दोन रांगा टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात जाऊन बसलो. पोरी गेल्यावर हयात मॅडमनी मला थांबवून घेतलं.

"सी मोंजी, राग येणार नसेल तर एक सांगू? तुम्ही वाचत नाही. तुम्ही भाषण करता."

"मॅडम, मी चाळीस वर्षं वाचतोय!"

"म्हणूनच. आपण लहानपणापासून असंच वाचतो, मीसुद्धा. पहिले दोन शब्द कागदाचे, पुढचं आपल्या डोक्यातलं. आपल्या भाषेत ते खपून जातं, कारण लिहिणाराही आपल्यातलाच असतो. या सबीनाला तुम्ही ओळखता का?"

"नाही."

"मग तिला काय म्हणायचंय ते तिलाच म्हणू द्या ना. तुमच्याकडून तिला काही नकोय."

शेवटचं वाक्य मला झोंबलं. मी म्हणजे गावात ज्याच्याकडून सगळ्यांना काही ना काही हवं असतं तो माणूस! पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, लाज तरी कुठून असणार? मी मान खाली घातली. मॅडमनी एक जाड पुठ्ठा घेतला, मध्ये एका शब्दापुरती खिडकी कापली आणि माझ्या हातात दिला. "हा ओळीवर ठेवायचा. एक शब्द बघायचा, मग सरकवायचा. आणि पूर्णविराम येईपर्यंत तोंड बंद."

तोंड बंद! अहो, ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. खिडकीत 'प्रिय' दिसला की माझ्या घशात सबंध पत्र तयार व्हायचं. ओठ आपोआप हलायचे, मान सीदी लखदरसमोर बसल्यासारखी मागे-पुढे डोलायला लागायची. मॅडम टेबलावर पेन्सिल आपटायच्या. मी पुठ्ठा सरकवायचो. आणि दर ओळीला काय व्हायचं माहितेय? मला वाटलेलं तिथे नसायचं. 'प्रिय शेजारी, तुमचं...' मी मनात म्हणायचो, आरोग्य उत्तम असो. खिडकी सरकायची: तुमचं कुत्रं. प्रिय शेजारी, तुमचं कुत्रं फार भुंकतं! असं पत्र माणूस माणसाला लिहितो? लिहितो. छापलंय. दहा वेळा पुठ्ठा फिरवला तरी कुत्रं काही हललं नाही.

हळूहळू सवय लागली आणि सवय लागली ती दुकानातही शिरली. एका सकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि हात आपसूक पुठ्ठ्याकडे गेला. 'नगरपालिकेने जाहीर केले आहे की बाजारातील कारंज्याच्या दुरुस्तीचे काम...' मी थांबलो. पुठ्ठा सरकवला. '...निधीअभावी रद्द करण्यात आले आहे.'

"रद्द?" तिजानी स्टूलावरून उठलाच. "अरे, गेल्या महिन्यात तू वाचलंस की लवकरच पूर्ण होणार!"

"गेल्या महिन्यात मी वाचलं नव्हतं," मी म्हणालो.

"मग कुणी वाचलं होतं?"

आता याला काय सांगणार? मी पुढची बातमी घेतली. तीही तशीच निघाली. मंत्रिमहोदयांनी समाधान व्यक्त केलंच नव्हतं, ते आजारी होते. आठवड्याभरात माझे श्रोते पांगले. एकटा तिजानी उरला, तोही कुरकुरत. "मोंजी, पूर्वीचं वर्तमानपत्र चांगलं होतं रे. हे कुठलं आणतोस तू?" मी म्हणालो, तेच आहे. तो म्हणाला, मग तूच बिघडलास. लोकांना वाचक हवा होता, वाचलेलं नको होतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि स्वतःची कीव आली.

दुसऱ्यांदा ट्यूनिसला गेलो तेव्हा पुठ्ठा आत नेऊ दिला नाही. मी आपला तळहात आडवा धरून बोटांच्या फटीतून वाचलं. शेजारची पोरगी मला कॉपी करणारा समजून कागद झाकून बसली. एका उताऱ्यात कुणा बाईने मैत्रिणीला लिहिलं होतं की स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, मी चालत येईन. विधान: मैत्रीण स्टेशनवर जाणार आहे. माझ्या रक्तातला थेंबन्‌थेंब ओरडत होता, जाणारच! नुसतं म्हणते बाई ती, मनात तिच्या तुझी वाट बघायचीच आहे! मी दात आवळले आणि 'चूक'वर खूण केली.

पास झालो. थोडक्यात, पण पास. दुकानावर आलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात मक्रूद कोंबत सुटलो. तिजानीने स्वतः ढोल आणला. पाकाने बरबटलेल्या बोटाने मी नझीहाला निकालाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, 'झालो पास! आता व्हिसाचा अर्ज आणि मग मी तुझ्या दारात!' तिची दुपारची सुट्टी असावी, उत्तर लगेच झळकलं, 'हजार वेळा अभिनंदन, मोंजी! मनापासून आनंद झाला. पण आता तरी...'

माझा अंगठा बदामावर गेलासुद्धा होता. आता तरी लवकर ये! दुसरं काय असणार? पण इतक्या महिन्यांची सवय होती, पूर्णविराम दिसल्याशिवाय चैन पडेना. मी बोट पुसलं आणि संदेश उघडला.

'पण आता तरी माझं मागचं लिहिलेलं नीट वाच. मी तुला दोनदा विचारलंय, तू दोन्ही वेळा बदाम पाठवलेस. अर्ज करायच्या आधी उत्तर दे.'

ढोल चालूच होता. मी गल्ल्यामागच्या पेटीवर बसलो आणि मागे मागे जाऊ लागलो. मी नापास झालो त्या दिवसाचा संदेश सापडला. 'मोंजी, वाईट वाटून घेऊ नकोस. खरं सांगायचं तर तू नापास झालास हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग माझीच मला लाज वाटली. तू इथे यावंस की नाही, माझं मलाच कळेनासं झालंय. तुझ्यावर राग नाही. आपण यावर बोलूया का?' त्याच्या खाली माझे ते दोन रांगा बदाम.

त्यानंतरचा आणखी एक होता. 'मोंजी, काल आश्रमातल्या एका आजीबाईंनी...' एवढंच बघून मी उत्तर दिलं होतं, 'म्हाताऱ्यांची सेवा म्हणजे पुण्य, नझीहा,' आणि खाली बदाम. पुरा संदेश आता वाचला. 'काल आश्रमातल्या एका आजीबाईंनी मला विचारलं, तुझा नवरा कसा आहे? मी सांगायला लागले. त्या गप्प बसून ऐकत होत्या. मी मध्येच थांबले तर त्याही थांबल्या. मग मी आणखी सांगितलं. इतकं बोलायचं माझ्यात साठलं होतं, मलाच माहीत नव्हतं. तू आलास की ते सगळं पुन्हा बंद होईल अशी मला भीती वाटते. तू काय म्हणतोस?'

मी काय म्हणालो होतो? पुण्य.

असं वाटलं की ढोलवाल्यांना हाकलावं, शटर ओढावं आणि पिठाच्या पोत्यात तोंड खुपसून बसावं. तिजानी घामाघूम होऊन आत आला. माझं तोंड बघून त्याने फोन हातातून घेतला, ओठ हलवत वाचला आणि हसला.

"एवढंच ना? अरे वेड्या, बायका असंच लिहितात! 'येऊ नकोस' म्हणजे 'धावत ये'. रुसलीय ती. तू सांगायचास ना आम्हाला, ओळींच्या मधलं वाचावं म्हणून?"

अल्लाशपथ सांगतो, मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. माझा जुना वाचक आत टुणकन उठून बसला होता आणि म्हणत होता, हो, हो, रुसलीय, धावत जा. किती सोपं होतं! मी फोन परत घेतला आणि तो संदेश पुन्हा वाचला, एकेक शब्द करून.

"तिजानी," मी म्हणालो, "तसं लिहिलेलं नाही इथे."

"मग काय लिहिलंय?"

"घाबरते म्हणून. मला."

तिजानीने ढोल उचलला, बाकीच्यांना ढकलत बाहेर नेलं आणि जाता जाता दार ओढून घेतलं. मी चढवलेलं पाकाचं पातेलं चुलीवर तसंच होतं. मी नझीहाला फोन लावला.

"वाचलं," मी म्हणालो. "सगळं वाचलं. शेवटपर्यंत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नझीहा, मी येऊ की नको? तू सांगशील ते."

"मला..." ती म्हणाली आणि थांबली.

काय सांगू तुम्हाला! त्या एका शब्दावर माझ्या जिभेवर इतके शेवट येऊन उभे राहिले. मला तू हवायस. मला वेळ हवाय. मला माफ कर. एकेक इतका गोळीबंद, इतका सुरेख! कुठलाही म्हटला असता तर तिने नेहमीसारखं 'हो' म्हटलं असतं आणि विषय संपला असता. जीभ ऐकेना म्हणून मी थाळीतला एक अख्खा मक्रूद उचलून तोंडात कोंबला. नुकताच तळलेला. टाळू भाजली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण तोंड बंद.

"हॅलो?" नझीहा म्हणाली. "हॅलो, मोंजी? लाईन गेली का?"

"आहे," मी भरल्या तोंडाने म्हणालो.

"मग बोलत का नाहीस?"

"तू बोलत होतीस."

मग फोनमधून एक आवाज आला. हसण्याचा होता की रडण्याचा, ते मी ठरवलं नाही. मी वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ये. पण उन्हाळ्यापुरता ये. पाहुणा म्हणून. मला तुझ्यापुढे बोलता आलं तर पुढचं बघू. नाही आलं तर तू परत जायचं आणि माझ्यावर ओरडायचं नाही. चालेल?"

"चालेल."

"आणि आणखी एक आहे."

मी गप्प.

"मला मक्रूद आवडत नाही, मोंजी. पहिल्या दिवसापासून. लग्नाच्या रात्री तू ताट पुढे केलंस तेव्हाच मी सांगणार होते. मी म्हटलं, 'मला मक्रूद...' आणि तू म्हणालास, 'जीव की प्राण! माहितेय मला.' तेव्हापासून मी खातेय."

माझ्या तोंडात अजून अर्धा घास होता. तो मला गिळताही येईना आणि थुंकताही येईना. नझीहा मात्र थांबली नाही. तिने लग्नाच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायला घेतलं, मग तिसऱ्या. चुलीवर पाक करपायला लागला, दुकानभर धूर झाला, बाहेरून तिजानी दार बडवायला लागला. मी जागचा उठलो नाही. ती बोलत होती.